देवावरचा भरवसा आणि हिशेबाची वही

ख्रिस्ती मंडळीतला (चर्चमधला) एखादा तरुण चांगली नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेला निघाला, किंवा एखाद्या लहानशा मंडळीने ऐपतीपलीकडची जागा विकत घ्यायचे ठरवले, की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हेच खरे विश्वासाचे पाऊल, देव पुरवील, शंका काढणारे अविश्वासू. दुसरा म्हणतो, देवाने डोके कशाला दिले आहे, आधी घरखर्चाची सोय बघा. उपासना संपल्यावर आवारात, तरुण संघाच्या बैठकीत, घरगुती प्रार्थनासभेनंतर चहा पिताना हा वाद मी इतक्यांदा ऐकला आहे की कोण कोणते वचन काढणार हेही आता आधीच कळते. पहिल्यांकडून पेत्राचे पाण्यावर चालणे येते, दुसऱ्यांकडून बुरूज बांधण्याआधी खर्चाचा अंदाज घेणारा माणूस. वाद रंगतो, पण पुढे सरकत नाही, कारण दोन्ही तट एकाच मापाने मोजत असतात. पहिल्यांना धोका जितका मोठा तितका विश्वास मोठा वाटतो, दुसऱ्यांना तितकाच मूर्खपणा मोठा वाटतो. ते मापच चुकीचे असेल तर?

माझे म्हणणे असे की धोक्याच्या आकारावरून विश्वास ओळखता येत नाही. पाऊल कोणाच्या शब्दावर उभे आहे, त्याची किंमत कोणाला मोजावी लागणार आहे, आणि अपेक्षित ते घडले नाही तरी पाऊल उचलणारा देवाला धरून राहणार आहे का, हे विचारल्याशिवाय धाडस विश्वासातले की हट्टातले हे कळायचे नाही. आणि असे विचारणे हा अविश्वास नव्हे. पवित्र शास्त्रातला आणि आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातला धाडसी विश्वास हिशेबाला कधी घाबरलेला नाही. उलट जिथे हिशेब विचारताच लोक चिडतात, तिथे विश्वासाच्या नावाखाली दुसरेच काही चाललेले असण्याचा संभव जास्त.

गणनाच्या पुस्तकातल्या तेराव्या-चौदाव्या अध्यायांतला प्रसंग या वादात कोणीच का काढत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. इस्राएल लोकांचे बारा हेर देवाने देऊ केलेला कनान देश पाहून येतात. दहा जण म्हणतात, तिथली नगरे तटबंदीची आहेत, माणसे धिप्पाड आहेत, आपल्याला जमायचे नाही. यहोशवा आणि कालेब म्हणतात, परमेश्वर आपल्याबरोबर आहे, चला. लोक दहांचे ऐकतात आणि चाळीस वर्षांच्या भटकंतीची शिक्षा ओढवून घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच लोक पश्चात्तापाने शस्त्रे घेऊन डोंगर चढू लागतात. त्यांचा पुढारी मोशे बजावतो, जाऊ नका, परमेश्वर तुमच्यामध्ये नाही. ते ऐकत नाहीत, आणि अमालेकी व कनानी त्यांना हर्मापर्यंत पिटाळून लावतात. देश तोच, शत्रू तेच, माणसे तीच. पहिल्या दिवशी पुढे जाणे हा विश्वास होता, दुसऱ्या दिवशी तेच पाऊल उद्दामपणा ठरले. धोका तर तसूभरही बदललेला नव्हता. बदलला होता तो देवाचा शब्द. हा प्रसंग दोन्ही तटांना टोचायला हवा. त्या दहा हेरांची माहिती खोटी नव्हती, तटबंदी खरोखरच होती, तरी त्यांचा शहाणपणा पाप ठरला. आणि दुसऱ्या दिवशीच्या चढाईत शौर्य कमी नव्हते, तरी ती विश्वासाची चढाई नव्हती.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. एज्रा हा याजक बाबेलहून यरुशलेमला निघाला तेव्हा त्याने राजाकडे संरक्षणासाठी सैनिक मागितले नाहीत. आमच्या देवाचा हात त्याला शोधणाऱ्यांवर असतो, असे तो राजाला सांगून बसला होता, त्यामुळे स्वार मागायची त्याला लाज वाटली. त्याने अहवा नदीकाठी उपास केला आणि तो तसाच निघाला. काही वर्षांनी नहेम्या त्याच यरुशलेमला निघाला तेव्हा त्याने राजाकडून पत्रे घेतली, लाकडासाठी हुकूम घेतला, आणि राजाने दिलेले सरदार आणि स्वारही बरोबर नेले. देवाचा कृपेचा हात आपल्यावर होता, असे दोघेही सारख्याच शब्दांत सांगतात. मग विश्वास कोणाचा मोठा? शास्त्र हा प्रश्न विचारतच नाही. पण एज्राच्या गोष्टीतला पुढचा भाग आपण वाचत नाही. सैनिक नाकारणाऱ्या याच एज्राने साडेसहाशे किक्कार (वजनाचे जुने माप) रुपे आणि शंभर किक्कार सोने निघण्यापूर्वी तोलून याजकांच्या हवाली केले, आणि यरुशलेमला पोचल्यावर चौथ्या दिवशी ते सगळे पुन्हा मोजून, तोलून, वजन लिहून ठेवले. वाटेवरच्या लुटारूंच्या बाबतीत त्याने देवावर भरवसा टाकला. देवाच्या पैशाच्या बाबतीत मात्र याजकांनाही तराजूतून सूट दिली नाही. आजकाल नेमके उलटे चालते: पैशाबद्दल विचारले की विश्वासाचा दाखला मिळतो.

आता धाडसाच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मान्य करायला हवा, आणि तो मी मनापासून मान्य करतो. हिशेब पुरा जुळेपर्यंत थांबायचे ठरवले तर कोणीच कधी हलणार नाही. अब्राहाम निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता आणि आपण कुठे जातो हे त्याला ठाऊक नव्हते. इस्राएल लोक कनानात शिरताना यार्देन नदी दुथडी भरून वाहत होती, आणि देवाच्या कराराचा कोश वाहणाऱ्या याजकांचे पाय पाण्यात बुडाल्यावर पाणी थांबले, आधी नाही. सावध तटाने आवडीने वापरलेला बुरुजाचा दाखलासुद्धा त्यांच्या उपयोगाचा नाही. लूकच्या चौदाव्या अध्यायात खर्चाचा अंदाज घ्यायला सांगून येशू थांबत नाही. काही वचनांनंतर तो म्हणतो की जो आपल्या सर्वस्वावर पाणी सोडत नाही त्याला माझा शिष्य होता येणार नाही. म्हणजे हिशेब करायचा आहे तो बँकेत पुरेसे आहे का याचा नव्हे, सगळे जाऊ द्यायची तयारी आहे का याचा. आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात दोष कोणाला लागतो? पैसे बुडू नयेत म्हणून जमिनीत पुरून ठेवणाऱ्याला. कायमची नोकरी, फ्लॅट, पेन्शन आणि मग उरलेल्या वेळात प्रभूची सेवा, या क्रमाला शहाणपण म्हणायची आपल्याला सवय झाली आहे. पुष्कळदा ती निव्वळ भीती असते. आपल्या मंडळ्यांत अविचारी धाडसाने जितके नुकसान झाले असेल, त्याहून जास्त नुकसान या भीतीने झाले आहे असे माझे मत आहे. ते दिसत नाही इतकेच, कारण न उचललेल्या पावलाची कोणी नोंद ठेवत नाही.

पण धाडसी विश्वास प्रत्यक्षात कसा दिसतो हे पाहायचे तर आपल्याला पंडिता रमाबाईंकडे जायला हवे, आणि त्यांच्याकडे नीट, सावकाश जायला हवे. रमाबाईंची गोष्ट आपल्याकडे उत्साहाच्या भरात सांगितली जाते: दुष्काळ पडला, बाई निघाल्या, देवाने पुरवले. ती खरी आहे, पण अर्धी. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही त्यांची विधवांसाठीची शाळा सुरू झाली (पुढे ती पुण्याला हलली) ती अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनच्या दहा वर्षांच्या मदतीच्या हमीवर. ती मुदत संपणार हे रमाबाईंना माहीत होते. म्हणून त्यांनी दौंडजवळ केडगावला जमीन घेतली, फळझाडे लावायला घेतली, म्हणजे मदत थांबल्यावर संस्थेला स्वतःचे उत्पन्न राहील. हे नियोजन होते, सरळ आणि चोख. याच काळात त्या जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर, जॉन पेटन या परदेशी ख्रिस्ती सेवकांची चरित्रे वाचत होत्या आणि आपल्या देशात असा भरवसा का दिसत नाही, असे स्वतःला विचारत होत्या. १८९६ मध्ये लोणावळ्याच्या शिबिरसभेला त्या प्रभूकडे वळलेल्या पंधरा मुलींसह गेल्या, आणि तिथे त्यांनी प्रार्थना केली की पंधराचा वर्ग व्हावा, दोनशे पंचवीस व्हाव्यात. इतक्या मुलींना ठेवायला ना जागा होती, ना पैसा. त्याच वर्षाच्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला.

आईवडिलांना दुष्काळात मरताना पाहिलेली ही बाई. उपासमारीत बायकामुलींचे काय होते हे त्यांना कोणी सांगायला नको होते. त्या मध्य प्रांतात गेल्या, निराधार मुली आणि विधवा गोळा करून आणू लागल्या, आणि नेमक्या त्याच वेळी पुण्यात प्लेगचे निर्बंध आले. एवढी गर्दी शहरात ठेवता येईना. तेव्हा मुली कुठे गेल्या? केडगावच्या त्या शेतावर, जे भविष्याच्या उत्पन्नासाठी घेतलेले होते. मला या प्रसंगाचे मोल फार वाटते. नियोजन आणि विश्वास यांत भांडण असते तर केडगावची जमीनच घेतलेली नसती. आणि नियोजन हाच मालक असता तर ती जमीन फळबागेसाठी राखून ठेवली असती, तिच्यावर शेकडो उपाशी मुली आणून बसवल्या नसत्या. रमाबाईंनी विचारपूर्वक जमवले, आणि हाक आली तेव्हा जमवलेले सगळे त्या हाकेच्या स्वाधीन केले. १९०० च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर केडगावच्या या वस्तीतल्या, म्हणजे मुक्ती मिशनमधल्या, स्त्रिया-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तिथे प्रार्थना होत होती आणि विहिरीही खणल्या जात होत्या. विणकाम, शिवण, शेती, छापखाना असे सगळे चालत होते. रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर तिथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवून छापले. देव पुरवील म्हणून हात जोडून बसलेल्या लोकांची ती वस्ती नव्हती.

ज्यांच्या चरित्राने रमाबाईंना बळ दिले त्या म्यूलरचीही अशीच अर्धी गोष्ट सांगितली जाते. ब्रिस्टलमध्ये त्यांनी हजारो अनाथ मुलांना सांभाळले, कोणाकडे पैसे मागितले नाहीत, फक्त प्रार्थना केली, हे आपल्या प्रत्येक संजीवन सभेत (विश्वास जागवण्यासाठी भरवलेल्या सभेत) ऐकायला मिळते. त्यांनी कर्ज काढले नाही हे मात्र ऐकू येत नाही. कोणाचे देणे ठेवू नका हे रोमकरांस पत्रातले वचन त्यांनी अक्षरशः पाळले. ते दरवर्षी जमाखर्च छापत. अहवाल छापणे हीच एक प्रकारची मागणी नव्हे का, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. पण १८४१ च्या अखेरीस पैशाची सर्वांत जास्त तंगी असताना म्यूलरनी अहवाल आणि सभा मुद्दाम लांबणीवर टाकल्या, लोकांना आपली गरज सूचित होऊ नये म्हणून. आज म्यूलरचे नाव घेऊन कर्ज काढून इमारती उठवणाऱ्या आणि हप्ता चुकू लागला की व्यासपीठावरून दुप्पट दानाची मागणी करणाऱ्या पुढाऱ्यांनी त्यांचे अहवाल एकदा वाचावेत.

सावध तटाचा सर्वांत भक्कम मुद्दा माझ्या मते पैशाचा नाहीच. तो आहे घरच्या माणसांचा. विश्वासाचे पाऊल एक जण उचलतो आणि पाय दुसऱ्याचे भाजतात. इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये भारताकडे निघाले तेव्हा त्यांच्या पत्नी डॉरथी आधी यायला तयार नव्हत्या; अखेरच्या क्षणी बहीण बरोबर येणार म्हणून त्या तान्ह्या मुलासह जहाजात बसल्या. वर्षभरातच बंगालमध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा गेला, मन ढासळले, आणि १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सावरले नाही. केरींच्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर आला. ते ऋण आपण मराठी ख्रिस्ती माणसे कसे नाकारू? पण ते मान्य करताना त्याच घरातल्या त्या बाईचे नाव गिळून टाकायचा आपल्याला अधिकार नाही.

आणि आपल्या घरचे उदाहरण तर याहून जवळचे. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसांत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर काय गुदरले, ताटातुटीची ती वर्षे कशी गेली, हे त्यांनी स्वतः इतक्या निर्मळपणे लिहून ठेवले आहे की टिळकांबद्दलचा आदर जराही कमी न होता त्यांच्या निर्णयाची किंमत आपल्याला कळते. त्यांनी नवऱ्याला दोषी ठरवले नाही आणि देवदूतही ठरवले नाही. पुढे १९०० मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या त्या नवऱ्यामागे ओढल्या जाऊन नव्हे, स्वतःच्या विचाराने. म्हणून मला वाटते की घरातल्या माणसाला आपल्या विश्वासाची सामग्री समजू नये. त्याच्याशीही देव स्वतंत्रपणे बोलतो, आणि त्याला वेळ लागला तर तो वेळ देणे हासुद्धा भरवशाचाच भाग आहे. बायकोचे दागिने गहाण ठेवून, मुलांची फी थकवून, आजारी आईचे इन्सुलिन बंद करून जे पाऊल उचलले जाते ते विश्वासाचे म्हणवून घेणाऱ्याने आधी तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र उघडावे. घरच्यांची तरतूद न करणारा अविश्वासणाऱ्यापेक्षाही वाईट, असे तिथे पौल लिहितो. पण हा मुद्दा पाऊलच न उचलण्याचे निमित्त होऊ शकत नाही. त्यातून निष्कर्ष निघतो तो एवढाच की किंमत स्वतः मोजा, दुसऱ्यावर ती लादू नका, आणि मंडळीने पाऊल उचलणाऱ्याचे कौतुक करण्याआधी त्याच्या घरच्यांची विचारपूस करावी.

याच टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे ख्रिस्ताचे सगळे शिष्य भारतीय रीतीने एकत्र यावेत, हे त्यांचे स्वप्न. पगार गेला, पाठबळ गेले. दोन वर्षेही झाली नाहीत तोच मे १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. आता सांगा, ते पाऊल विश्वासाचे होते की नाही? यशावरून ठरवायचे तर उत्तर नाही असे द्यावे लागेल. पण मला ते मराठी मंडळीच्या इतिहासातले सर्वांत प्रामाणिक पाऊल वाटते. त्यांनी स्वतःचे सोडले, आपला हेतू उघड सांगितला, आणि कोणाला फसवले नाही. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरे केले, आणि टिळकांची गीते आजही प्रत्येक रविवारी आपल्या तोंडी असतात. पण समजा हेही घडले नसते, तरी ते पाऊल चुकीचे ठरले नसते.

इथेच आपला सगळा वाद सर्वांत जास्त बिघडतो. आपल्या सभांमध्ये साक्ष द्यायला तोच उभा राहतो ज्याचे पाऊल टिकले. नोकरी सोडली, तीन महिन्यांत देवाने दार उघडले, हालेलूया. ज्याचे दार उघडले नाही तो मागच्या बाकावर बसतो, आणि काही काळाने मंडळीतून दिसेनासा होतो. यश आले तर शिकवण खरी, अपयश आले तर तुझा विश्वास कमी पडला. असा सौदा मांडला की शिकवण देणारा कधीच चुकत नाही आणि ऐकणाऱ्याची मात्र प्रत्येक वेळी चूक असते. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय असे करत नाही. विश्वासाने काही जण तलवारीच्या धारेपासून निभावले, असे तो सांगतो, आणि लगेच तीन वचनांनंतर सांगतो की काही तलवारीने वधले गेले. दोघांचाही विश्वास तोच, दोघांचीही नावे एकाच यादीत. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात हेरोद राजा प्रेषित याकोबाला तलवारीने मारतो आणि पेत्राला देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. याकोबासाठी मंडळीने कमी प्रार्थना केली होती, असे म्हणायची कोणाची हिंमत आहे? दानीएलाच्या पुस्तकात आगीच्या भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या तिघा तरुणांनी राजाला सांगितले की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवले नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. दुसऱ्या अर्ध्या वाक्याशिवाय पहिले अर्धे केवळ पैज ठरते.

विसाव्या शतकातले डीट्रिख बोनहोफर हे हिटलरविरोधी जर्मन पाळक याच दुसऱ्या अर्ध्या वाक्याचे माणूस. १९३९ च्या जूनमध्ये ते न्यूयॉर्कला सुरक्षित पोचले होते. मित्रांनी सोय केली होती, काम होते, पुढे युद्ध दिसत होते. जुलैत ते परत जर्मनीला गेले, कारण आपल्या लोकांबरोबर ही परीक्षा भोगली नाही तर युद्धानंतर तिथली ख्रिस्ती मंडळी उभारण्यात भाग घ्यायचा आपल्याला हक्क राहणार नाही, असे त्यांना वाटले. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी दिले गेले. अमेरिकन सैन्य दोन आठवड्यांत तिथे पोचले. देवाने पुरवले का? आपल्या सभांमधल्या अर्थाने, नाही. त्यांच्या परत जाण्याला मूर्खपणा म्हणणाऱ्या सावध माणसालाही माझ्याकडे उत्तर नाही, आणि विश्वास म्हणजे यशाची हमी म्हणणाऱ्यालाही नाही. पण ते कोणाच्या शब्दावर गेले आणि किंमत कोणी मोजली, हे स्पष्ट आहे.

म्हणून मंडळीकडे मागायचे ते हे. अंत्युखियाच्या मंडळीने पौल आणि बर्णबा यांना पाठवले तेव्हा आधी उपास आणि प्रार्थना केली, हात ठेवले, आणि ते परत आले तेव्हा सर्वांना एकत्र करून त्यांचा वृत्तांत ऐकला. पाचारण एकट्याच्या मनात सुरू होत असेल, पण ते तपासायची जबाबदारी सगळ्यांची असते. यरुशलेमच्या गरिबांसाठीचा पैसा नेताना पौलाने बरोबर माणसे घेतली, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. आपल्याकडे कोणी तरुण वा तरुणी सेवेसाठी पुढे आली तर पाळकांनी आणि पंचमंडळाने तिच्याबरोबर बसून हे सगळे विचारावे, घरच्यांना बोलवावे, आणि पाचारण खरे वाटले तर नुसते आशीर्वाद न देता दरमहा काय देणार तेही ठरवावे. तिच्या विश्वासाची परीक्षा घेऊन आपली पाकिटे बंद ठेवणे हा कोणत्या प्रकारचा विश्वास? आणि पुढच्या संजीवन सभेत साक्षीची वेळ येईल तेव्हा ज्यांनी पाऊल उचलले आणि ज्यांच्या हाती काहीच लागले नाही, तरी जे आजही प्रभूला धरून आहेत, अशांपैकी निदान एकाला बोलायला उभे करावे, आणि त्याला इतरांइतकाच वेळ द्यावा.